मोरोक्कोचा पाहुणा आणि घरातला जाळीचा दिवा

मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीला एक दिवा आला आणि हप्त्यांचा हिशोब तासभर बाजूलाच राहिला.

आमच्यातल्या एका ताईंच्या लेकीनं पुण्याहून आणलेला तो दिवा. पितळी रंगाचा, कांद्याच्या आकाराचा, अंगभर बारीक भोकं पाडलेला, वरून साखळीनं टांगायचा. खोक्यावर लिहिलेलं होतं, 'मोरोक्कन लॅम्प'. खोलीतल्या खुंटीला अडकवला, आत बल्ब लावला, दार-खिडक्या लावून घेतल्या. आणि काय सांगावं बायांनो! रंग उडालेल्या त्या भिंतींवर चांदण्या, पानं, पाकळ्या. छतावर सुद्धा. लहान लेकरं भिंतीवरची चांदणी हातात धरायला धावली.

मग सुरू झालं बोलणं. एक काकू म्हणाल्या, "दिसतो छान, पण हा दर्ग्यातला दिवा वाटतो गं. आपल्या घरात कशाला?" शेजारी बसलेल्या आपा लगेच म्हणाल्या, "दर्ग्यात कुठं आहे असा? तिथं तर ट्यूबलाइट आहे!" सगळ्या हसलो. पण हसून प्रश्न काही मिटला नाही. कारण दिवाळीच्या स्टॉलसाठी असे जाळीचे दिवे करावेत असं आमच्यातल्या काही जणींच्या मनात आलं होतं. उद्या गिऱ्हाईकानं हाच प्रश्न केला तर? हा दिवा कुणाचा, इकडचा की तिकडचा, याचं उत्तर आधी आपल्याजवळ हवं ना.

म्हणून आजचं हे बोलणं.

आधी मोरोक्को कुठं आहे ते पाहू. आफ्रिका खंडाचा नकाशा समोर धरला, तर अगदी वरचा डावा कोपरा. समुद्राची एक चिंचोळी पट्टी ओलांडली की पलीकडे स्पेन. त्या कोपऱ्यात तांजिअर नावाचं बंदर आहे. आपल्या दौलताबादेपासून हजारो कोस दूर. तरी या तांजिअरचा एक माणूस आपल्या किल्ल्याखाली येऊन गेला, आणि तेही पावणेसातशे वर्षांच्या मागे. त्याचं नाव इब्न बतूता. शाळेत लेकरांच्या पुस्तकात हे नाव येतं. पण तो आपल्या दारात येऊन गेला होता, हे आमच्यातल्या निम्म्या जणींना माहीत नव्हतं.

इब्न बतूताचा जन्म १३०४ सालचा. १३२५ मध्ये, म्हणजे एकविसाव्या वर्षी, तो मक्केच्या यात्रेला म्हणून घरातून निघाला आणि फिरतच राहिला. १३३३ मध्ये सिंधू नदीकाठी पोहोचला, तिथून दिल्लीला. तिथं महंमद तुघलकाचं राज्य होतं. सुलतानानं त्याला दिल्लीचा काझी, म्हणजे न्यायाधीश केलं. आठेक वर्षांनी, १३४२ च्या सुमारास, सुलतानानं त्याला आपला वकील म्हणून चीनच्या बादशहाकडे पाठवलं, आणि त्या वाटेवर दौलताबाद लागलं.

आता गंमत ऐका. चीनच्या बादशहासाठी जो नजराणा या माणसाच्या सोबत होता, त्याची यादीच त्यानं पुढे सांगून ठेवली आहे. त्यात १०० घोडे आहेत, भारी कापडाचे तागे आहेत, तंबू आहेत, आणि दिवे आहेत. चार सोन्याचे शमादान आणि सहा चांदीचे, मीनाकारी केलेले. शमादान म्हणजे मेणबत्त्या लावायची उंच समईसारखी दिवठाण. म्हणजे मोरोक्कोचा माणूस भारी दिवे बरोबर घेऊन आपल्या गावावरून गेला, ही दंतकथा नाही.

पण त्याच यादीत आणखी एक गोष्ट आहे आणि ती वाचताना आमची वाचणारी थांबली. १०० गुलाम पुरुष, आणि १०० गाणाऱ्या-नाचणाऱ्या मुली. घोडे, तागे, माणसं, दिवठाण्या, सगळं एकाच दमात मोजलेलं. त्या मुली कुठल्या गावच्या, कुणाच्या लेकी, त्याचा हिशोब यादीत नाही. त्यांच्याकडे आपण पुन्हा येऊ.

दौलताबादेविषयी त्यानं बरंच सांगितलं आहे. शहराचे तीन भाग. एक सुलतान आणि फौजेसाठी, दुसरा कटक, आणि तिसरा तो खडकावरचा किल्ला, ज्याला तो देवगिरीच्या जुन्या नावानंच ओळखतो. सपाट मैदानात उभा खडक, चारी बाजूंनी तासलेला, आणि माथ्यावर चढायला चामड्याची शिडी, जी रात्री वर ओढून घेत. तळघरात कैदी ठेवत, आणि तिथले उंदीर मांजरापेक्षा मोठे; मांजरं त्यांना पाहून पळत, असं त्याला तिथं कैद भोगलेल्या एका सरदारानंच सांगितलं. आपल्या घुशी पाहिलेल्या बाईला यात फार नवल वाटायचं नाही. इथं द्राक्षं आणि डाळिंबं पिकतात, वर्षातून दोनदा, असंही तो सांगतो. सीताफळाचं नाव मात्र घेत नाही, आणि घेणार कसा? आज दौलताबादच्या रस्त्यावर टोपल्या मांडून आपण जे विकतो ते सीताफळ मूळचं अमेरिकेकडचं, त्याच्या नंतर दीडशे-दोनशे वर्षांनी आपल्याकडे आलेलं. आपण त्याला सीतेचं नाव दिलं आणि घरचं करून टाकलं. काकूंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मिरची तरी आपली आहे का?" तीही नाही.

त्यानं सांगितलेली सगळ्यात वेगळी जागा म्हणजे गाणाऱ्यांचा बाजार. त्याला तरबाबाद म्हणत, आनंदनगर म्हणा ना. मोठा, देखणा बाजार. प्रत्येक दुकानात गालिचा, आणि मधोमध पाळण्यासारखा झोका. त्या झोक्यावर गाणारी बाई बसलेली, दागिन्यांनी सजलेली, आणि तिच्या दासी झोका देताहेत. बाजाराच्या मध्यावर एक मोठा घुमट. दर गुरुवारी दुपारच्या नमाजानंतर गवय्यांचा मुख्य तिथं येऊन बसे, आणि बायका एकीमागून एक येऊन सूर्य मावळेपर्यंत गात, नाचत. त्याच बाजारात मशिदीही होत्या आणि रमजानमध्ये तिथं रात्रीची नमाज होई. कुणी हिंदू राजा तिथून जाताना त्या घुमटात थांबून गाणं ऐकत असे, असंही तो सांगतो.

त्या बाजारात संध्याकाळी दिवेलागण कशी होत असेल, हे आम्ही पुष्कळदा मनात आणतो.

पण दिव्याची खरी गोष्ट दुसरीकडे आहे, दिल्लीत. १३२७ मध्ये महंमद तुघलकानं राजधानी दिल्लीहून देवगिरीला हलवली आणि तिचं नाव दौलताबाद ठेवलं. अंमलदार, त्यांची घरं, सूफी संत, कारागीर, सगळ्यांना दक्षिणेत जायचा हुकूम झाला. दिल्ली ते दौलताबाद चाळीस दिवसांची वाट. इब्न बतूता ही वाट सुंदर होती म्हणतो, दोन्ही बाजूंनी झाडं, बागेतून चालल्यासारखं. काझीची स्वारी पालखीतून जाते. डोक्यावर गठुडं आणि काखेत लेकरू घेऊन चालणाऱ्या बाईला ती बाग किती दिसली असेल, सांगता येत नाही.

तो स्वतः तेव्हा दिल्लीत नव्हता, सात वर्षांनी आला. त्यानं लोकांकडून ऐकलेलं सांगितलं. एका आंधळ्याला ओढत दौलताबादला न्यायचा हुकूम झाला आणि इथं त्याचा फक्त पाय पोहोचला, अशी एक भयंकर हकीगत आहे. इतिहास जाणणारे ती वाढवून सांगितलेली मानतात आणि आम्हालाही तसंच वाटतं. पण दुसरी हकीगत मनातून जात नाही. एका रात्री सुलतान महालाच्या गच्चीवर चढला आणि त्यानं दिल्लीकडे नजर टाकली. कुठं चूल नाही, धूर नाही, दिवा नाही. आणि तो म्हणाला की आता माझ्या जिवाला शांतता मिळाली.

मैत्रिणींनो, घरात माणूस आहे हे बाहेरून कशानं कळतं? दिव्यानं. आपल्याकडे दिवेलागणीला घर अंधारं ठेवू देत नाहीत. आणि एक राजा गच्चीवर उभा राहून विझलेले दिवे मोजतो आणि खूश होतो. काही वर्षांतच बेत फसला, लोकांना परत जायची मुभा मिळाली. काही परतले, काही इथंच राहिले. किल्ल्यापासून जवळच कागजीपुरा आहे. हातकागद करणारी घरं तेव्हा दिल्लीहून आली असं तिथले लोक सांगतात. हिमरू विणणाऱ्यांविषयीही तसंच सांगतात. खुलताबादचे संत बुऱ्हाणुद्दीन गरीब त्याच काळात आले, १३३७ मध्ये तिथंच गेले. म्हणजे आपल्या पंचक्रोशीत जी कला 'इथली' म्हणून मिरवतो, तिच्यातली बरीच कुणाच्या तरी विझलेल्या चुलीवरून उठून आलेली आहे.

आता त्या मुलींकडे. दौलताबाद सोडून इब्न बतूता नंदुरबारला गेला. तिथल्या मराठी लोकांबद्दल त्यानं चांगलं लिहवून ठेवलं आहे. भात, भाज्या आणि तिळाचं तेल खातात, जिवाला दुखवत नाहीत, जेवायच्या आधी अंघोळ करतात, नात्यात लग्न करायचं तर सात पिढ्यांचं अंतर ठेवतात, दारू पीत नाहीत. आपल्या बायकांबद्दलही लिहिलं आहे, पण ते रूपाबद्दल, आणि बाजारात माल पारखावा तशा नजरेनं. आम्ही ते इथं सांगत नाही.

पुढे खंबायतमार्गे तो कालिकतला पोहोचला. तिथं चीनला जाणाऱ्या जहाजांत नजराणा चढवला, आणि वादळ झालं. नजराण्याचं जहाज किनाऱ्यावर फुटलं, त्यावरची माणसं दगावली. ते सोन्या-चांदीचे शमादान चीनला कधी पोहोचलेच नाहीत. सुलतान रागावेल या धास्तीनं हा पाहुणा दिल्लीला परतला नाही. फिरत फिरत १३४३ च्या सुमारास मालदीव बेटांवर गेला आणि तिथंही काझी झाला. तिथल्या वजिरानं त्याला एक दासी देऊ केली आणि विचारलं, ही नको असेल तर मराठी मुलगी पाठवू का? तो म्हणाला, मराठीच हवी. मग एक मुलगी आणली. तिचं नाव गुलिस्तान, म्हणजे फुलबाग. तिला फारसी बोलता येत होती.

फुलबाग हे नाव तिला विकणाऱ्यानं किंवा विकत घेणाऱ्यानं दिलेलं असणार. नंदुरबार, देवगिरी, पैठण, जिथली कुठली असेल, तिथं तिच्या आईनं बारशाला फारसी नाव थोडंच ठेवलं असेल? मराठी आईची लेक, समुद्रापलीकडे, फारसी शिकलेली. हजारो पानांच्या इतिहासात तिच्या वाट्याला इतक्याच दोन-तीन ओळी आहेत. यादवांचा इतिहास सांगताना आपण भिल्लम, सिंघण, रामचंद्र म्हणतो, किल्ल्यावर गेलो की चांदमिनार किती उंच ते विचारतो. सुमारे २१० फूट आहे, १५व्या शतकातला, बहमनी सुलतानाचा. पण या मुलीचं नाव दौलताबादच्या बोलण्यात आम्ही याआधी कधी ऐकलं नव्हतं. बैठकीत हे वाचून दाखवलं तेव्हा जरा वेळ कुणी बोललं नाही.

चला, आता दिव्याकडे. इब्न बतूता अखेर मायदेशी परतला, आणखी थोडा फिरला आणि १३५४ मध्ये फेझ शहरी येऊन स्थिरावला. तिथल्या सुलतानानं त्याला सगळी हकीगत सांगायला लावली आणि इब्न जुझय नावाच्या पंडिताकडून ती लिहून घेतली. १३५५ मध्ये पुस्तक पुरं झालं. आपल्या देवगिरीची, उंदरांची, झोक्यावरच्या गाणाऱ्यांची आणि गुलिस्तानची गोष्ट अशी फेझ गावात बसून कागदावर उतरली.

आणि फेझ म्हणजे या दिव्यांचं माहेर. तिथं काराविय्यीन नावाची जुनी मशीद आणि विद्यापीठ आहे. परंपरा सांगते की ती ८५९ साली फातिमा अल-फिहरी नावाच्या बाईनं बापाकडून वारसानं मिळालेल्या पैशातून उभी केली. गटातल्या बायांनो, हे नाव लक्षात ठेवा, पैसा हाती आल्यावर काय करता येतं त्याचं ते उदाहरण आहे. त्या मशिदीत १३व्या शतकाच्या सुरुवातीचं एक प्रचंड पितळी झुंबर टांगलेलं आहे, थराथरांचं, अंगभर नक्षी कोरलेलं. आणखी एक नवल म्हणजे तिथले काही दिवे मुळात घंटा होत्या. स्पेनकडच्या लढायांत चर्चच्या घंटा हाती आल्या. त्या वितळवून टाकल्या नाहीत, उलट्याही केल्या नाहीत, भोवती दिव्यांची चौकट बसवून झुंबर करून छताला टांगल्या. १४व्या शतकातली एक मोठी घंटा आजही तशी आहे. लढाईत आणलेली वस्तू आहे, त्यामुळे यात सगळं गोडच आहे असं आम्ही म्हणत नाही. पण काकूंच्या प्रश्नाला यात एक उत्तर दडलेलं आहे. हा दिवा कोणत्या धर्माचा? त्या घंटेला विचारा.

मशिदीच्या शेजारीच तांबटांचा चौक आहे. आजही तिथं दिवसभर ठोकाठोकी चालते. पुण्याच्या तांबट आळीत गेलेल्या जणींना तो आवाज ओळखीचा वाटेल. जाळीचा दिवा करायची रीत अशी. पितळेचा किंवा तांब्याचा पातळ पत्रा घ्यायचा, त्यावर नक्षी आखायची, छिन्नीनं किंवा बारीक करवतीनं भोकं पाडायची, मग पत्रा वाकवून, झाळून गोल करायचा. त्यांच्या नक्षीत माणूस-प्राणी नसतात. चांदणी, चौकट, पान, वेल, हेच फिरून फिरून येतं. आपली ठिपक्यांची रांगोळी आणि ही नक्षी शेजारी ठेवा, सख्ख्या नसल्या तरी चुलत बहिणी म्हणाल.

भोकं नुसती शोभेची नाहीत. आत तेलाची वात असे, तेव्हा खालच्या भोकांतून हवा आत जाई, वरून धूर निघे, आणि वाऱ्याचा झोत थेट ज्योतीवर येत नसे. उजेड गाळून येतो तो त्या कामाचा जोडधंदा. आपल्या जुन्या हरिकेन कंदिलाची टोपी आठवा, तिलाही भोकं असतातच.

दगडातली जाळी तर आपल्या घरची. बीबी का मकबऱ्यात थडग्याभोवती संगमरवराची जाळी आहे, १७व्या शतकातली. दुपारी उन्हं कलली की अशा जाळीतून खाली फरशीवर नक्षी सांडते. मकबऱ्याच्या मोठ्या दारावर पितळी पत्र्याचं नक्षीकाम आहे, तेही पुढच्या वेळी थांबून पाहा, लोक फोटो काढत त्याच्यासमोरून निघून जातात. टांगता दिवा म्हणाल तर आपला लामणदिवा साखळीनंच टांगलेला असतो. वाड्यांच्या ओटीवर काचेच्या हंड्या असत. समई, ठाणवई, निरांजन, पणती, दिवटी, टेंभा, चिमणी, कंदील, गॅसबत्ती; आमच्या आजीला यातल्या प्रत्येकाची वेगळी वात आणि वेगळं काम माहीत होतं. आपल्याला एकच बटण माहीत आहे. किल्ल्याच्या अंधेरीत, त्या वळणावळणाच्या काळोख्या भुयारी वाटेत, पूर्वी वाटाडे टेंभा पेटवून माणसं नेत. आता पोरं मोबाइलचा उजेड पाडतात आणि वटवाघळं वैतागतात.

मोरोक्कन म्हणून बाजारात काय काय मिळतं, तेही सांगतो. भोकं पाडलेला पितळी किंवा पत्र्याचा दिवा, आणि पत्र्याच्या चौकटीत रंगीत काचा बसवलेला कंदील, हे खरोखर त्या धाटणीचे. काचेच्या गोल हंडीवर रंगीत काचांचे बारीक तुकडे चिकटवलेला दिवा मात्र तुर्कस्तानच्या धाटणीचा. दुकानदार त्यालाही बिनधास्त मोरोक्कन म्हणतो. आणि यातले कितीतरी दिवे ना मोरोक्कोचे ना तुर्कस्तानचे, ते उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादचे. तिथले पितळ कारागीर असे दिवे करून परदेशात पाठवतात. आमच्या ताईंच्या दिव्याच्या बुडाशीही बारीक अक्षरात 'मेड इन इंडिया'च निघालं. काकू म्हणाल्या, "म्हणजे आपलाच की!" अर्ध्या तासात दिवा परका होऊन परत घरचा झाला.

मग करून पाहायचं ठरलं. पितळ आपल्याला परवडणारं नाही, म्हणून तेलाचे आणि रंगाचे रिकामे डबे घेतले. पहिला डबा पार वाकडा झाला, कारण खिळा ठोकला की पत्रा आत बसतो. कुणीतरी सांगितलं, डब्यात पाणी भरून बर्फ करा आणि मग ठोका. बर्फ छान झाला, पण लाइट गेली आणि दुसऱ्या चांदणीपर्यंत पाणी झालं. मग ओली रेती दाबून भरली, ते जरा बरं. शेवटी एका वहिनींनी बाभळीचा गोल ओंडका डब्यात बसेल असा तासून आणला, आणि तेच खरं. नक्षीसाठी काय केलं माहीत आहे? रांगोळीचा ठिपक्यांचा कागद, उदबत्तीनं भोकं पाडतो तो, डब्याभोवती गुंडाळला आणि ठिपक्यावर खिळा ठोकला. जाड-बारीक दोन खिळे वापरले तर नक्षी उठून दिसते. भोकांची आतली कड धारदार राहते, कानशीनं घासून घ्या आणि हातात जाड फडकं धरा. आमच्यातल्या एकीला तीन टाके पडले.

बल्बचंही एक गुपित आहे. भिंतीवर नक्षी ठसठशीत हवी तर साधा दुधी बल्ब चालत नाही. उजेड जितक्या लहान जागेतून येईल, तितकी सावली रेखीव. दुधी बल्बाचा उजेड चारी अंगांनी पसरतो आणि चांदण्या विरघळतात. पारदर्शक काचेचा, आत बारीक तार दिसते तसा पिवळ्या उजेडाचा एलईडी घ्या, तीन ते पाच वॅट पुरे. या दिव्याखाली अभ्यास करायला लेकरांना बसवू नका, तो नुसता शोभेचा उजेड आहे. अंगभर भोकं असलेला दिवा पांढऱ्या किंवा फिक्या भिंतीजवळ लावा. गडद रंगाची भिंत सगळं गिळते. आणि घरात एकच लावा. दोन लावले की एकाची नक्षी दुसरा पुसतो.

आता कडू गोष्ट. आमच्यातल्या एकीनं एका प्रदर्शनातून असाच धातूचा दिवा घेतला. वायर पातळ, दोन पिनांची, आणि जिथून ती पत्र्यातून आत जाते तिथं रबर नव्हतं. पत्र्यानं वायर कापली, अख्खा दिवा जिवंत झाला आणि पुसायला गेलेल्या सुनेला झटका बसला. पायात चप्पल होती म्हणून निभावलं. म्हणून धातूचा दिवा घ्याल तर तीन पिनांचा घ्या, घरातली अर्थिंग आधी वायरमनला दाखवा, आणि भोकातून वायर ओवताना रबराची कडी घालाच. विकायला करणार असू तर हे आपल्यावर दुप्पट बंधनकारक आहे. वायरिंग आपण स्वतः करायचं नाही, जाणकार माणसाकडून करून घ्यायचं आणि तो खर्च किंमतीत धरायचा, असं आम्ही ठरवलं आहे. त्यानं दिवा महाग होतो, ते खरं आहे. ज्यांना ते नको त्यांच्यासाठी आत पणती ठेवायचा उघडा डबा आहे, वायरच नाही. मात्र पणती ठेवाल तर डबा पडद्यापासून आणि गंजीपासून लांब, आणि लेकरांच्या हाताला लागणार नाही असा.

आपांनी वेगळाच प्रयोग केला. हातकागदाचा जाड ताव आणून त्याला तीच ठिपक्यांची नक्षी पाडली आणि आकाशकंदील केला. कागदाचा असल्यानं त्यात ज्योत कधीच नाही, फक्त एलईडी. पत्र्याच्या दिव्यातून नुसत्या भोकांतला उजेड येतो. या कागदातून अंगभर मंद उजेड येतो आणि भोकं ताऱ्यासारखी चमकतात. खरं सांगायचं तर आम्हाला तोच जास्त आवडला. काकूंनी तो आपल्या ओसरीवर लावायला मागितला, आणि आपांनी पैसे घेतले नाहीत यावरून दोघींची दहा मिनिटं भांडाभांडी झाली.

स्टॉलवर दिव्यासोबत एक चिठ्ठी द्यायची ठरली आहे, या दिव्याची गोष्ट सांगणारी. त्यात तांजिअरचा पाहुणा येईल, फेझची फातिमा येईल, दौलताबाद येईल. एका दिव्याला गुलिस्तानचं नाव द्यावं असं एकीनं सुचवलं. दुसरी म्हणाली, ते तिचं नावच नव्हे, विकणाऱ्यांनी दिलेलं, ते कशाला पुन्हा लावायचं? त्यावर अजून वाद चालू आहे. तुमचं काय मत ते आम्हाला कळवा.

आणि पुढच्या बुधवारी बैठकीला येताना प्रत्येकीनं एक रिकामा डबा आणावा, पाच लिटरचा, धुऊन, झाकण काढून.